तीन शतकांतली तीन मुलं एका गोष्टीत आणताना

किशोरांसाठी ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याकडे गड, घोडे आणि तलवारी आल्याच. मी स्वतः त्या गोष्टी वाचत मोठी झाले आणि त्या मला आजही प्रिय आहेत. पण मला लिहायची होती ती पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांची गोष्ट. १८५५, १९६१ आणि २०२३ ही तीन सालं, प्रत्येक सालात एक मूल, वय चौदा ते सतरा. कादंबरी आता प्रकाशकाकडे आहे. ती कशी लिहून झाली ते सांगते, कारण असं काही लिहू पाहणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

सुरुवात मुक्ता साळवे हिच्या निबंधापासून झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली चौदा वर्षांची ही मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८५५ मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, शाळकरी मुलीचं काहीतरी भाबडं लिखाण असेल. पण ती थेट देवालाच विचारते, वेद ज्यांचे त्यांचे, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांग. इमारतीच्या पायात तिच्या समाजाच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत, ते ती लिहिते. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचं डोकं कसं उडवलं जाई, ते लिहिते. आणि मग तिच्या वयाच्या मुलीने लिहावं अशी कुणाची अपेक्षा नसेल ते लिहिते: बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात तिचं काय होत असेल, स्वतःच्या अनुभवावरून विचार करून पाहा.

हे वाचल्यावर एक गोष्ट पक्की केली. मुक्ता माझ्या कादंबरीत असेल, पण तिच्या तोंडी मी एकही वाक्य घालणार नाही. तिने लिहिलंय तेवढंच तिचं. तिचं दुसरं लेखन आज उपलब्ध नाही, आणि म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवणं फार सोपं आहे. मी तिच्या शेजारी पाटी घेऊन बसणारी एक मुलगी कल्पिली, तिचं नाव गोदी. गोदीला निबंध लिहिता येत नाही, ती अजून जोडाक्षरांशी झगडतेय. ती मुक्ताकडे बघते, आणि वाचणारा गोदीच्या नजरेतून बघतो.

१८५५ चं पुणं उभं करताना काय होतं यापेक्षा काय नव्हतं याचीच यादी मोठी झाली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ला सुरू झाली होती खरी, पण पुण्यात गाडी आली १८५८ ला. म्हणजे गोदीने आगगाडीची फक्त वर्णनं ऐकलेली. घरात रॉकेल यायला अजून अवकाश होता, त्यामुळे रात्री वाचणं म्हणजे तेलाच्या दिव्यापुढे, आणि तेल जळतंय म्हणून आई ओरडणार हे ओघानंच आलं. आजच्या गुरुवार पेठेला तेव्हा वेताळ पेठ म्हणत. महार-मांगांच्या मुलांसाठी फुल्यांनी काढलेली शाळा तिथली. सगळ्यात अवघड होतं पाणी. कात्रजहून नळाने आलेलं पाणी पेठांतल्या हौदांत खळाळत होतं, पण गोदीची घागर तिथे बुडणं शक्य नव्हतं. जोतीरावांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ मध्ये. गोदीच्या गोष्टीनंतर तेरा वर्षांनी. म्हणून तिचं पाणी भरणं मी नागझरीच्या ओढ्याकडे नेलं, आणि शाळेला रोज होणारा उशीर तिथून आला. माहिती अशी कामाला लागली की मला फार बरं वाटायचं. नाहीतर ती नुसती सजावट म्हणून पानावर पडून राहते.

पण तीन काळ जोडायचे कशाने? जुनी अंगठी, पेटीतली डायरी, स्वप्नात येणारी पूर्वज मुलगी, हे सगळं मनात येऊन गेलं. एकही पटेना. उत्तर आमच्या घरातच होतं. माझ्या धाकट्या भावाच्या जात पडताळणीच्या वेळी घरात जे चाललं होतं ते मी जवळून पाहिलं होतं. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जनरल रजिस्टरचा म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, असं काहीतरी. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या, त्यांना हे कपाट उघडलं की सापडतं. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीच्या तळाशी रेशनकार्ड आणि लग्नपत्रिका. त्या दिवसांत वडील प्रत्येक नातेवाइकाला फोन करून एकच प्रश्न विचारत, ‘अण्णा कुठल्या शाळेत होते, आठवतं का?’

तेव्हा लक्षात आलं की जोडणारी वस्तू कागद हीच आहे. मुक्ताचं नाव कागदावर आलं. बाकीच्यांचं का आलं नाही, आलं तर कुठे आलं आणि कुठे वाहून गेलं, हीच गोष्ट.

वाहून गेलं हे शब्दशः. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पाणी पुण्यात घुसलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. माझ्या गोष्टीतलं दुसरं मूल, किसन, तेव्हा चौदा वर्षांचा आहे. या भागासाठी पुस्तकांपेक्षा माणसं जास्त उपयोगी पडली, कारण तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुलं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि बोलायला उत्सुक आहेत. पाणी किती फूट चढलं हे विचारलं की ते गडबडायचे, पण नंतरच्या दिवसांबद्दल विचारलं की थांबत नसत. कुजलेल्या धान्याचा वास, भिंतीवरची चिखलाची रेघ, गाळातून काढलेली भांडी दगडाने घासणारी आई. एका आजींनी सांगितलं, वह्या वाळत घातल्या होत्या, पण पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. ते मी जसंच्या तसं घेतलं, फक्त वह्यांच्या जागी किसनच्या शाळेचं जनरल रजिस्टर आलं. याच रजिस्टरात त्याच्या वडिलांचंही नाव होतं. किसनला तेव्हा त्याचं काही वाटत नाही. चौदाव्या वर्षी कुणाला वाटेल? त्याला शाळा बंद राहिल्याचा आनंद झालाय.

२०२३ मध्ये किसनची नात श्रावणी बारावी विज्ञानला आहे आणि तिला पडताळणीचा अर्ज भरायचाय. शाळेचं रजिस्टर नाही, म्हणून शोध गावाकडे वळतो, तहसीलच्या अभिलेख कक्षात, कोतवाल बुकाकडे. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल ठेवत असे, आणि जुन्या नोंदी बहुतेक मोडी लिपीत. म्हणून मी मोडी शिकायला बसले. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, लेखणी होता होईल तो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, शब्दांत अंतर नाही. सरावाच्या एका पानावर ‘मांग’ ही दोन अक्षरं मला आपोआप वाचता आली तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. श्रावणीला मी तोच क्षण दिला. तिला नोंद सापडते, पण त्यात बाळाचं नाव नाही. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’, एवढंच.

या शोधातली एक गोष्ट मला अजून टोचते. अर्जासोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. श्रावणी ते पेन्सिलीने वहीत काढते: खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, मी. पुरुषांच्या रांगेत शेवटी एकटी ती. गोदी ही त्या खापरपणजोबांच्याही आधीच्या एका पुरुषाची बहीण. म्हणजे ती या झाडात कुठेच बसत नाही. श्रावणीला गोदीचा पत्ता लागावा, निदान नाव तरी कळावं, असं पहिला खर्डा वाचलेल्या मैत्रिणींनी आग्रहाने सांगितलं. मी ऐकलं नाही. जिची नोंदच झाली नाही ती सापडली असं लिहिणं मला खोटं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र गोदी माहीत आहे, आणि वहीतल्या त्या झाडाकडे बघताना तो तिला शोधतो. मला तेवढं हवं होतं.

लिहिताना सर्वांत जास्त वेळ वयाने घेतला. १८५५ ला चौदा वर्षांची मुलगी ‘किशोरी’ नव्हती. बहुतेक घरांत तिचं लग्न होऊन गेलेलं असे. सावित्रीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. श्रावणीएवढ्या. या एका आकड्याने मला कादंबरीचा मधला भाग मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, स्मारकासाठी भिडेवाड्याची मोडकळलेली इमारत रातोरात पाडली गेली. श्रावणी दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना दगडूशेठ गणपतीसमोर बस अडकते म्हणून खाली उतरते आणि समोर रिकामी जागा बघते. तिथे शिकवणारी बाई आपल्याच वयाची होती हे तिला तिथेच, मोबाइलवर शोधताना कळतं. गोदीला आजच्या मुलीसारखं बोलायला लावायचं नाही हे मी ठरवलं होतं. ती ‘माझं स्वप्न’ वगैरे म्हणत नाही. तिला जोडाक्षर यायला हवंय, आणि उन्हाळ्याआधी लग्न ठरू नये असं वाटतं.

संपादकांनी एका जागी अडवलं. तालीमखान्याचा आणि पायात पुरण्याचा उल्लेख किशोरांसाठी फार भयंकर आहे, गाळूया, असं त्यांचं म्हणणं. हेतू चांगला होता. मी एवढंच म्हटलं की हे चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलंय, मग चौदा वर्षांच्या मुलांनी वाचू नये असं आपण कसं ठरवणार? शेवटी ते प्रकरण वस्तीतल्या अभ्यासिकेतल्या मुलांना वाचून दाखवायचं ठरलं. वाचताना कुणी हललं नाही. नंतर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘ताई, मुक्ताला परीक्षेत किती मार्क पडले?’ एक मुलगा म्हणाला, आमच्या घरी पण दाखला सापडत नाहीये, ते कोतवाल बुक कुठे मिळतं? मी त्याला तहसील कार्यालयात अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. मोडीतली नोंद मिळाली तर वाचून द्यायचं कबूल केलंय.

ते प्रकरण पुस्तकात पूर्ण राहिलं आहे. शेवटी मुक्ताचा निबंधही जोडायचा आहे, तिच्या मूळ भाषेत, काही न बदलता. सध्या त्याचीच मुद्रितं तपासतेय.