चिखलकालो, खतखतं आणि फुकटची फेरीबोट

गेटटुगेदर म्हटलं की मला आजकाल धडकीच भरते. मित्र नकोत असं नाही ओ, पण होतं काय, एखादं रिसॉर्ट बुक करायचं, रात्री कोंडाळं करून बसायचं आणि वायवात कोण रडलं, मेसच्या आमटीत काय सापडलं हेच किस्से त्याच क्रमाने सांगायचे आणि त्याच जागी हसायचं. त्यामुळे हॉस्टेलच्या ग्रुपवर गोव्याचा मेसेज आला की आषाढी एकादशीला माशेलला घरी या, दुसऱ्या दिवशी चिखलकालो म्हणजे देवळापुढच्या चिखलात खेळायचा उत्सव आहे, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हो म्हणून टाकलं. गोव्या म्हणजे आमचा गोव्याचा मित्र. कोल्हापुरात असेपर्यंत त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

गाडी बारक्याची. बारक्या आता अजिबात बारका राहिलेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मागे मास्तर आणि सुमी. आजऱ्यावरून आंबोली, घाटात धुकं एवढं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते आणि धबधब्यापाशी नेहमीची जत्रा, भाजलेली कणसं, मॅगी, रस्त्यात मधेच गाडी लावून नाचणारी मंडळी. आम्ही थांबलोच नाही. गंमत म्हणजे घाट उतरून सावंतवाडी येईपर्यंत हॉस्टेलचे सगळे किस्से संपले. खरंच संपले. मग हप्ते, शुगर, मुलांच्या शाळेच्या फिया, आणि बांद्याच्या पुढे तर गाडीत शांतताच. पत्रादेवीला गोव्यात शिरलो तेव्हा बारक्या म्हणाला, "आता दोन दिवस काय बोलायचं रे आपण?" सगळे हसले पण प्रश्न बरोबर होता.

माशेल फोंडा तालुक्यात येतं, पणजीपासून फार लांब नाही. बीचवाल्या गोव्याचा इथे मागमूस नाही. देवळं, भाटं म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, आणि पावसात हिरवीगार झालेली शेतं. गोव्याच्या आईने दारातच "येयात, येयात, आदीं च्या घेयात" करून चहा हातात दिला. मास्तरने लगेच मासळीचा विषय काढला तर काकू हसायलाच लागल्या. एक तर एकादशी, दुसऱ्या दिवशी देवाचा उत्सव, आणि वर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, समुद्रातली ताजी मासळी आणायची कुठून? मास्तरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सुरमई खायला म्हणून आलेला माणूस साबुदाण्याची खिचडी खात बसला.

रात्री देवकीकृष्णाच्या देवळात गेलो. एकादशीपासून चोवीस तास भजन चालतं, एक गट दमला की दुसरा बसतो, टाळ काही थांबत नाहीत. मूर्ती मी आधी कधीच पाहिली नव्हती अशी. देवकी उभी आणि तिच्या पायांशी छोटा कृष्ण. कृष्णाबरोबर यशोदा आपण ढिगाने बघतो, देवकी कुठे दिसते? हा देव मूळचा चोडण बेटावरचा, पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी तो आधी मये गावात नेला आणि मग माशेलला आणला. इथल्या बऱ्याच देवांची गोष्ट अशीच, नदी ओलांडून पळालेले देव.

आणि मग दुसरा दिवस. खरं सांगतो, मी कडेला उभा राहून फोटो काढणार होतो. पण गोव्याने देवळात नेऊन अंगाला तेल चोपडलं आणि विषय संपला. देवळापुढचं मैदान रात्रभरच्या पावसाने नुसता लाल राडा झालेलं. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं, गारेगार, आणि बाहेर काढताना 'फ्च्यक' असा आवाज. पाचेक मिनिटं मी लुंगी सावरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा जपून चालत होतो, मग एका आठ-नऊ वर्षांच्या पोराने मागून येऊन माझ्या डोक्यावर ओंजळभर चिखल थापला आणि त्यानंतर जपायला काही उरलंच नाही.

लोक यात खेळ खेळतात, कृष्णाने सवंगड्यांबरोबर खेळले असतील असले. आंधळी कोशिंबीर, पळापळ, आणि एक चक्र. त्यात काहीजण पाय मधे जुळवून बसतात आणि बाकीचे त्यांना हाताला धरून गोल फिरवतात. बारक्या बसला. फिरवणाऱ्यांनी जोर लावला, चक्र हललंच नाही, उलट फिरवणारे दोघं सपाट आडवे. कडेच्या एका आजोबांनी कोकणीत काहीतरी शेरा मारला, अख्खं मैदान हसलं, आणि त्याचा अर्थ गोव्याने आम्हाला अजून सांगितलेला नाही. मधेच वरून लाडू-चकल्या उधळल्या जातात, त्यावर पोरं तुटून पडतात. आमच्या मास्तरने, जो एका कॉलेजात विभागप्रमुख आहे, एका पोराशी चकलीवरून झोंबाझोंबी केली. आणि हरला. सुमी कोरडी राहीन म्हणून लांब उभी होती, तिला गोव्याच्या काकीनेच गाल रंगवून आत ढकलली.

अलीकडे सरकारनेही हा उत्सव मनावर घेतलाय, स्टेज, भाषणं, कॅमेरेवाले सगळं आलंय. मला ते नसतं तर चाललं असतं. पण मैदानात उतरलं की स्टेजकडे लक्ष कुणाचं असतंय.

घरी काकूंनी पुढच्या दाराने घेतलंच नाही. मागे विहिरीवर कळशीने पाणी ओतून घेतलं, तेलावर बसलेला चिखल साबणाला दाद देईना, कानातली माती तर कोल्हापूरपर्यंत आली. जेवायला खतखतं. भरपूर भाज्या, ओलं खोबरं आणि तिरफळं. तिरफळ दाताखाली आलं की जीभ झिणझिणते, ते चावायचं नसतं हे मास्तरला कुणी सांगितलं नाही. त्याची भरपाई म्हणून निघायच्या दिवशी काकूंनी सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर ही खोबरं घातलेली चटणीसारखी कोशिंबीर केली, तेव्हा कुठे गडी शांत झाला.

संध्याकाळी अमोण्याच्या पुलावरून नार्व्याला सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत, मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, ते पाडलं गेलं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. कोल्हापूरच्या माणसाला एवढं पुरे, बारक्या दारावरच्या शिलालेखाखाली हात जोडून किती वेळ उभा होता.

पण मला विचाराल तर ट्रिप झाली ती फेरीबोटीत. परत येताना ओल्ड गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर गेलो, सहज दिवाडीला जाऊन येऊ म्हणून. चालत जाणाऱ्याला फेरी फुकट आणि मांडवी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. पावसाची भुरभुर, स्कूटरवाले रेनकोट घालून उभे, आणि कठड्याला टेकून सुमी अचानक म्हणाली की तिने नोकरी सोडलीय, घरी अजून सांगितलेलं नाही. बोट दिवाडीला लागली, सगळे उतरले, तिचं बोलणं अर्धंच झालेलं. आम्ही उतरलोच नाही. परत ओल्ड गोवा. मग मास्तर त्याच्या वडलांच्या विसरण्याबद्दल बोलला, त्याला ते आता ओळखत नाहीत. परत दिवाडी. तिकीट नाही, घाई नाही, फेरीवाला आमच्याकडे बघून शेवटी म्हणाला, "तुमकां खंय वचपाचें आसा?" कुठे जायचंय म्हणे. गोव्याने सांगितलं, "खंयच ना." कुठेच नाही.

जाताना सुकलेली गाडी परतताना चिखलाने भरलेली, पण यावेळी आंबोली चढून आजरा आला तरी बडबड चालूच. सुमीने घरी सांगितलं, बरं झालं सगळं. आता गोव्याचा आग्रह आहे की पुढच्या वर्षी २४ जूनला या, सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला. त्या दिवशी डोक्यावर कोपेल म्हणजे पानाफुलांचा मुकुट घालून लोक विहिरीत उड्या मारतात. बारक्याने ग्रुपवर लिहिलंय, "मी मारतो उडी, पण गावाला आधीच पाणी भरून ठेवायला सांग."