लॅप टाइम सोडले, आता वहिनी वाचतात आणि मी चालवतो

मंडळी, यावेळच्या लॉगमध्ये बुद्ध सर्किटचा लॅप टाइम नाही, मोन्झाचा नाही, कसलाच नाही. सर्किट बंद ठेवलंय सध्या. रिग, म्हणजे कंप्युटरवर गाडी चालवायचा घरचा सेटअप, तीच, कोथरूडच्या फ्लॅटमधल्या त्याच कोपऱ्यात, चाक तेच जुनं लॉजिटेक जी२९, पण त्यावर आता फक्त रॅली चालते, आणि तीसुद्धा २००४ साली आलेल्या रिचर्ड बर्न्स रॅलीवर. दिसायला गेम पार म्हातारा आहे पण हौशी पोरांनी त्याच्या फिजिक्सवर इतकी वर्षं इतकं काम केलंय की खडीवर गाडी कशी वागते ते अजून यात जेवढं कळतं तेवढं मला तरी नव्या चकचकीत गेममध्ये कळलं नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी शांतपणे पुढे वाचा.

हे खूळ डोक्यात शिरलं ते किमी रायकोनेनच्या, गाडीतल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या जुन्या ऑनबोर्ड क्लिप बघून. २००७ चा एफ वन चॅम्पियन, २००९ संपल्यावर फेरारीतून बाहेर, आणि २०१० ला थेट डब्ल्यूआरसीत, म्हणजे जागतिक रॅली चॅम्पियनशिपमध्ये, सिट्रोएन ज्युनियर टीमची सी४ गाडी, शेजारी बसून वळणं वाचून दाखवायला को ड्रायव्हर काय लिंडस्ट्रॉम. त्याआधी २००९ ला फिनलंडच्या रॅलीत एकदा अबार्थ ग्रांदे पुंतो घेऊन उतरला होता, तिथे शेवटपर्यंत पोचला नाही. आता बघा, या माणसाला गाडी चालवता येत नाही असं म्हणायची कोणाची टाप नाही. तरी २०१० मध्ये त्याचा सगळ्यात चांगला नंबर म्हणजे तुर्कीत पाचवा. जॉर्डनमध्ये आठवा. स्वीडनमध्ये बर्फाच्या ढिगात रुतून बसला आणि तिथेच सगळा वेळ गेला. जर्मनीत मात्र एक स्टेज, म्हणजे रॅलीतला वेळ लावून चालवायचा रस्त्याचा एक तुकडा, जिंकला, डांबरावर, अर्थातच. दोन्ही सीझन, २०१० आणि २०११, चॅम्पियनशिपमध्ये दहावा, आणि मग २०१२ ला परत एफ वनमध्ये येऊन लोटसमधून अबू धाबी जिंकली, म्हणजे वेग कुठे हरवला नव्हता. मग दोन वर्षं अडत काय होतं?

मी आधी समजायचो खडी. सरफेस वेगळा, ग्रिप कमी, सवय नाही, झालं. आता स्वतः करून बघितल्यावर सांगतो, खडी हा त्यातला सोपा भाग आहे.

खडीचं आधी उरकून टाकू. सर्किटवर आपण टायर सरकू नये म्हणून जिवाचं रान करतो, खडीवर टायर सरकल्याशिवाय काम करत नाही, ग्रिप मिळते ती गाडी चांगली तिरकी असताना. ब्रेक लॉक झाला तर डांबरावर संपलं, इथे लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग ढकलतं आणि त्या ढिगानेच गाडी थांबायला मदत होते. वळणाच्या आधी गाडी उलट्या बाजूला झुकवून मग आत फेकायची, स्कँडिनेव्हियन फ्लिक, हे जमायला थोडे दिवस लागतात पण जमतं. ट्रेल ब्रेकिंगची, म्हणजे वळणात शिरतानाही ब्रेक हळूहळू सोडत जायची, सवय तर थेट कामाला येते, तसंच डावा पाय ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर एकाच वेळी, सर्किटवाल्यांना हे नवीन नाही. सेटअपमध्ये स्प्रिंग मऊ, राइड हाइट वर, स्टिअरिंगचं रोटेशन ९०० वरून ५४० वर आणलं. माझ्या हाताला ५४० बरं वाटतं, कोणी अजून कमी ठेवतं.

हँडब्रेक मात्र विकत नाही घेतला, बनवला. त्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण दोघा तिघांना बनवायचाय. लिव्हर आणि बेस एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, पट्टीचा, भोसरीत एका शेडमध्ये वेल्डिंग करून घेतला. लिव्हरला दाब यावा म्हणून नाना पेठेतून स्कूटरचे रबर बुश आणले, दोन प्रकारचे, एक मऊ एक कडक, आणि ते एकामागे एक बसवले, म्हणजे ओढताना आधी जरा सैल आणि मग घट्ट होत जातं, अगदी हायड्रॉलिकसारखं नाही पण हाताला कळतं. तपकीर गल्लीतून दाब मोजणारा लोड सेल, त्याचं रीडिंग घेणारी एचएक्स७११ चिप आणि प्रो मायक्रो बोर्ड. प्रो मायक्रोच का, तर त्याची चिप थेट यूएसबी जॉयस्टिक म्हणून कंप्युटरला दिसते, मध्ये काही लागत नाही. आणि हे नीट वाचा, एचएक्स७११ चे जे स्वस्तातले बोर्ड मिळतात ते सेकंदाला १० रीडिंग देतात. दहा! हेअरपिनला हँडब्रेक ओढून सोडेपर्यंत तुमच्या बोर्डाने जेमतेम पाच सहा वेळा बघितलेलं असतं. चिपची रेट नावाची पिन ग्राउंडला जोडलेली असते, ती उचलून व्होल्टेजला जोडली की ८० होतात. बारीक टोकाचं सोल्डरिंग गन आणि भिंग घेऊन बसा. ज्यांना एवढं नको त्यांनी लोहचुंबकावर चालणारा हॉल सेन्सर वापरा, स्वस्त पडतो, फक्त मग तो दाब मोजत नाही, लिव्हर किती हलली ते मोजतो.

खऱ्या फोर व्हील ड्राइव्ह रॅली गाडीत हा लिव्हर ओढला की मागच्या चाकांचा ड्राइव्ह सुटतो, म्हणून मागची चाकं लॉक होऊन गाडी गर्रकन फिरते, नाहीतर इंजिन आणि ब्रेक आपसात भांडत बसले असते. गेममध्येही तसंच.

आता मुद्द्याचं.

मोनॅकोची एक लॅप ३.३३७ किलोमीटर, रेसमध्ये ती ७८ वेळा. शिवाय प्रॅक्टिस, क्वालिफाइंग, सिम्युलेटर. वळणाआधीचा शंभर मीटरचा बोर्ड दिसला की ब्रेक, हे पायाला पाठ. रॅलीत एका वीकेंडला साधारण तीनशे किलोमीटरच्या स्टेज, आणि आधी रेकी, म्हणजे रस्ता बघून घ्यायची फेरी, करायला मिळते ती प्रत्येक स्टेजवर दोनदा, साध्या गाडीत, स्पीड लिमिट पाळून. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो आणि को ड्रायव्हर वहीत लिहितो, दुसऱ्या फेरीत को ड्रायव्हर वाचतो आणि ड्रायव्हर दुरुस्त करतो. बस. त्यानंतर त्या रस्त्यावर तुम्ही थेट फुल स्पीडला येणार आणि टेकाडापलीकडे काय आहे ते तुम्हाला आठवत नसणार, ते फक्त वहीत असणार. मॅकरे किंवा लोएबसारख्या रॅली चॅम्पियननी ही वही वर्षानुवर्षं लिहून लिहून घडवलेली, रायकोनेनला ती तिशीत कोऱ्या पानापासून सुरू करायची होती. माझं ठाम मत झालंय की त्याची दोन वर्षं या वहीत गेली, खडीत नाही. म्हणून तर स्टेज जिंकला तो डांबरावर, कारण तिथे डोळ्यांना बरंच कळतं.

हे नुसतं बोलून उपयोग नाही म्हणून मीही तोच नियम लावला. गेमचा आतला को ड्रायव्हर बंद. नवीन स्टेज घ्यायची, दोनच फेऱ्या हळू मारायच्या, नोट्स लिहायच्या, मग एकच रन. वाचायला माणूस हवा. दादाला विचारलं, तो दोन वळणं वाचून व्हॉट्सॲप बघायला लागला. मग वहिनी म्हणाल्या आणा इकडे. वहिनी शाळेत मराठी शिकवतात, इतकी वर्षं शुद्धलेखन घालतायत, मुलाचा हात वहीवर कुठे आहे ते बघून पुढचे शब्द किती सोडायचे हे त्यांच्या रक्तात आहे. को ड्रायव्हरचं काम दुसरं काय आहे? ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, साठ मीटरचा सरळ पट्टा दोन सेकंदाच्या आत संपतो, त्यात पुढचं वळण सांगून झालं पाहिजे आणि मला ते ऐकून हात हलवायला वेळ उरला पाहिजे. लवकर सांगितलं तर मी विसरतो, उशिरा सांगितलं तर झाडात.

वहीतल्या एका पानावरचा तुकडा देतो, जसा आहे तसा:

उजवा पाच, साठ
माथा, डावीकडे रहा
डावा तीन आवळतो, कापू नको
उजवा दोन उघडतो, शंभर

वळणाचा आकडा एक म्हणजे सगळ्यात तीव्र, सहा म्हणजे जवळजवळ सरळ, आणि साठ, शंभर म्हणजे पुढचा सरळ पट्टा किती मीटर. माथा म्हणजे टेकाडाचा कळस, कापू नको म्हणजे वळणाची आतली कड कापायची नाही. वहिनींचा आग्रह की एका ओळीत एकाच दमात म्हणता येईल एवढंच, आणि पान उलटायची वेळ शंभर मीटरहून मोठ्या सरळ पट्ट्यावरच आली पाहिजे, नाहीतर त्या पुढच्या ओळी नव्या पानावर लिहून आधीच्या पानाचा खालचा भाग रिकामा सोडतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही.

पहिल्या काही दिवसांत मी सारखा बाहेर जात होतो आणि वैतागून म्हटलं वहिनी जरा आधी सांगत जा ना. त्या वही मिटून म्हणाल्या, "भावोजी, मी वेळेवरच सांगते, तुम्ही समोर बघून खात्री करायला थांबता." आणि खरंच, रिप्लेमध्ये दिसतं, ब्लाइंड टेकाडावर नोट आलीये सहा, म्हणजे पाय सोडायचाच नाही, आणि माझा पाय उचललेला, दरवेळी. सर्किटवाल्याचा डोळा आधी पुरावा मागतो. कानावर विश्वास ठेवून फुल थ्रॉटल द्यायला जे लागतं ते बाजारात मिळत नाही.

मग गंमत म्हणून एका रविवारी पहाटे आम्ही वॅगनआर काढली आणि ताम्हिणीला गेलो. साध्या स्पीडला, आपल्या लेनमध्ये, बाकीच्यांसारखंच, उगीच कोणी काही मनात आणू नका. मुळशी सोडल्यावर मी बोलायला सुरुवात केली आणि वहिनी लिहायला, दादा मागे झोपलेला. घाट उतरून चहा घेतला आणि परत येताना उलट्या दिशेच्या नोट्स काढल्या. घरी येऊन दोन्ही ताडून बघितल्या तर मजा, एकाच वळणाला जाताना मी तीन म्हटलंय आणि येताना पाच. आता चढ उताराने आणि बाजू बदलल्याने थोडा फरक पडतो पण दोन आकड्यांचा नाही. म्हणजे माझा तीन हा तीन नाहीच, तो माझ्या मूडवर आहे. चहाच्या आधी तीन, चहानंतर पाच. सगळी मेख इथे आहे. तुमचा आकडा सकाळी, दुपारी, पावसात, धुक्यात तोच निघाला पाहिजे, तरच वाचणाऱ्यावर विश्वास टाकता येतो, कारण ते शब्द शेवटी तुमचेच असतात.

उपाय असा की आकडा डोळ्याने नाही, स्टिअरिंगच्या कोनावर ठरवायचा, काही खरे ड्रायव्हरही तसंच करतात, काही गिअरवर ठरवतात. रिगच्या चाकाला वरती मधोमध पिवळी टेप लावली, घड्याळाच्या काट्यासारखी वाचता येते, टेप तीनवर गेली की ते वळण इतक्या नंबरचं, असा तक्ता भिंतीवर चिकटवलाय. तेव्हापासून गाडी रस्त्यावर राहायला लागलीये. वेळ अजून भिकार आहे, पण रन पूर्ण होतो.

रॉबर्ट कुबित्साबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. २००८ ला कॅनडात एफ वन जिंकलेला, रॅलीचं वेड आधीपासूनच, फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीत छोट्या रॅलीत स्कोडा फाबिया चालवताना गार्ड रेल गाडीत घुसली आणि उजवा हात जवळजवळ गेला. माणूस परत आला तो रॅलीतूनच. २०१३ ला डब्ल्यूआरसी टू, म्हणजे डब्ल्यूआरसीच्या खालच्या वर्गाचा, चॅम्पियन, त्याच वर्षी जर्मनीत ओव्हरऑल पाचवा. २०१४ ला फोर्ड फिएस्टा घेऊन माँटे कार्लोला आला आणि पहिल्या दोन्ही स्टेज जिंकल्या. माँटेत डांबर, ओलं, बर्फ सगळं एका वळणात असतं, त्यासाठी टीमची माणसं पहाटे रस्ता बघून येतात आणि बर्फ कुठे आहे ते वहीत भरतात, म्हणजे तुमच्या वहीत तिसऱ्याचं अक्षर. पुढे तिथेच बाहेर गेला, आणि त्या सीझनमध्ये बऱ्याचदा गेला, सगळ्यात चांगला नंबर अर्जेंटिनात सहावा. वेग इतका, की वही त्याच्या मागे धावत होती असं मला वाटतं. नंतर २०१९ ला विल्यम्समधून एफ वन आणि २०२५ ला पिवळ्या फेरारीतून ल मांची २४ तासांची रेस जिंकली. नमस्कार करायचा अशा माणसाला.

आपल्याकडे उलटं आहे, रॅलीवाले थेट रॅलीतूनच वर आले. गौरव गिलने एशिया पॅसिफिक चॅम्पियनशिप तीनदा घेतली, २०१३, २०१६, २०१७, आणि आपले पुण्याचे संजय टकलेही त्याच आशिया पॅसिफिकच्या रस्त्यांवर खेळून आलेत. सर्किट सोडून तिकडे गेलेला मोठा भारतीय मला पटकन आठवत नाही. आणि उलट्या दिशेला बघा, रोवनपेरा, २०२२ आणि २०२३ चा रॅली चॅम्पियन, त्याने २०२५ मध्ये रॅली सोडून जपानच्या सुपर फॉर्म्युलात, म्हणजे तिथल्या सर्किट रेसिंगमध्ये, जायचं जाहीर केलं. तिकडे जाणाऱ्याला बोर्ड बघून ब्रेक मारायला शिकावं लागतं, माझ्या मते हे जास्त सोपं आहे, भांडायचं असेल तर या.

पुढचं काम, बर्फाच्या स्टेज. तिथे कडेच्या बर्फाच्या भिंतीला मागचं चाक टेकवून वळायचं असतं, त्याच्या नोट्स वेगळ्या लिहाव्या लागतील. वहिनींच्या सहामाहीचे पेपर तपासून होईपर्यंत वाचायला कोणी नाही, तोपर्यंत हँडब्रेकचे बुश बदलतो, मऊ बुश पार दबून गेलाय आणि लिव्हर पूर्ण जागेवर येत नाही. नाना पेठेत पॉलियुरेथेनचे बुश कुठल्या दुकानात मिळतात कोणाला माहीत असेल तर सांगा, मला सगळीकडे रबरच दाखवतायत.