सर्वांत आधी कोण पोहोचते?

शरद ऋतू लागला आणि नव्या वर्षाचे वर्ग मार्गी लागले की आमच्या महाविद्यालयाच्या परिसरात जनजागृतीच्या कार्यक्रमांची रांग लागते. मी तेथील आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, त्यामुळे यांतील बहुतेक कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे येते. ऑक्टोबर तर भरगच्चच असतो. १९८५ पासून हा महिना स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो, १० ऑक्टोबर हा १९९२ पासून जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे आणि १५ ऑक्टोबर हा हात धुण्याचा जागतिक दिवस आहे. लगेच दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला पहिली मदत कशी करावी हे सर्वसामान्यांना शिकवण्याचा दिवस येतो. युरोपात तो २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०१८ पासून जगभर पाळला जाऊ लागला. या सर्व दिवसांपैकी हा मला विशेष जवळचा वाटतो, कारण त्या दिवशी ऐकण्यापेक्षा करून पाहण्याला महत्त्व असते आणि येणाऱ्याला गुडघ्यांवर बसून घाम गाळावा लागतो. ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे तो याच कार्यक्रमाचा दिवस होता.

सकाळपासून प्रांगणात आमची टेबले मांडलेली होती आणि खाली सतरंजीवर सरावाचे पुतळे ठेवलेले होते. छाती योग्य खोलीपर्यंत दाबली गेली की या पुतळ्यातून ‘टक’ असा आवाज येतो. विद्यार्थी घोळक्याने येत होते आणि उत्साहाने शिकत होते. छाती किमान पाच सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे, सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहायचे, हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. हाताला ते कळायला मात्र वेळ लागतो. बहुतेक जण फासळी मोडेल या भीतीने वरवर दाबतात, आणि ज्यांची भीती जाते ते इतक्या घाईने दाबतात की छाती पुन्हा पूर्ण वर यायला उसंतच मिळत नाही. छाती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरते, त्यामुळे दाब काढणे हे दाबण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे मी प्रत्येक गटाला सांगत होते. दोन मिनिटांत धडधाकट मुलेही थकत होती. म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा असे आम्ही शिकवतो, आणि तो बदल करतानाही मध्ये खंड पडू द्यायचा नसतो.

दुपारी एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. कोसळलेली व्यक्ती स्त्री असेल तर आसपासचे पुरुष तिच्या छातीवर हात ठेवायला धजतील का, असे तिने सरळ विचारले. तिच्या गटातील मुले गप्प झाली. ही शंका निराधार नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांकडून ही मदत मिळाली, तर स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण ३९ टक्के होते. सरावाचे पुतळे जवळजवळ सगळीकडे पुरुषाच्या सपाट छातीचे असतात, हेही या संकोचाला खतपाणी घालते. मी त्या मुलांना एवढेच सांगितले की हाताची जागा छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर आहे, ती स्त्री-पुरुष दोघांतही सारखीच आहे, आणि त्या क्षणी लाज बाळगण्याची किंमत एक जीव असू शकते. नंतर त्यांच्यापैकी प्रत्येकाने पुतळ्याला ओढणी पांघरून सराव केला.

पाचच्या सुमारास गर्दी ओसरली. सफाई विभागातील बायका खुर्च्या उचलायला आल्या. त्यांच्यातील एक वयस्कर मावशी सकाळपासून येता-जाता आमच्याकडे पाहत होत्या, हे माझ्या लक्षात आले होते. त्या जवळ येऊन म्हणाल्या, “सिस्टर, आम्ही करून बघितलं तर चालेल का? का हे फक्त मुलांसाठी आहे?” मी त्यांना बसायला सांगितले. गुडघे टेकून काम करण्याची त्यांना सवय होती. कोपर न वाकवता खांद्यातून भार देणे, जे मी दिवसभर मुलांना पुन्हा पुन्हा सांगत होते, ते त्यांना पहिल्याच प्रयत्नात जमले. पुतळ्यातून ‘टक टक’ असा सलग, एका लयीतला आवाज येऊ लागला. ते पाहून इतर बायका आल्या, मग फाटकावरची पाळी संपवून निघालेले दोन सुरक्षारक्षक थांबले आणि महाविद्यालयाच्या बसचा चालकही येऊन बसला.

मी त्यांना समजावले की हृदय बंद पडल्यावर सुरुवातीची काही मिनिटे माणूस आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेऊ शकतो आणि पाहणाऱ्याला वाटते की श्वास चालू आहे, म्हणून लोक नुसते उभे राहतात. हाक मारूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले तरी रुग्णवाहिका बोलवायची आणि दाबायला सुरुवात करायची. ज्याला तोंडाने श्वास देता येत नाही त्याने केवळ छाती दाबत राहिले तरी चालते. एईडीविषयीही सांगितले. विजेचा झटका देणारे हे स्वयंचलित यंत्र स्वतःच बोलून सूचना देते, एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या काखेखाली चिकटवायची असते, आणि हृदयाची लय तपासून झटक्याची गरज असेल तरच ते झटका देते, त्यामुळे चुकून कोणाला इजा होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

त्यावर मावशींनी विचारले, “ते यंत्र म्हणजे ऑफिसमधल्या काचेच्या कपाटातलं ना?” मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “पण साडेपाचला ते ऑफिस बंद होतं. किल्ली हेडक्लार्क साहेब घरी घेऊन जातात. मीच तिथली फरशी शेवटची पुसते.”

परिसरातील सुरक्षेच्या कागदपत्रांत त्या यंत्राची नोंद होती, त्याच्या जागेचा नकाशा दर्शनी भागात लावलेला होता, आणि आमच्या त्या दिवसाच्या पत्रकावरही ती जागा छापलेली होती. संध्याकाळनंतर तेथे कोणी पोहोचू शकत नाही हे या कोणत्याही कागदावर नव्हते. ग्रंथालयाची अभ्यासिका मात्र रात्री नऊपर्यंत उघडी असते, आणि मैदानावर दिवेलागणीनंतरच खेळणाऱ्यांची खरी गर्दी होते.

उपप्राचार्य कार्यक्रमाच्या समारोपासाठी आलेले होते. मी त्यांना तेथल्या तेथे एक चाचणी घेऊ द्यावी अशी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. एक पुतळा अभ्यासिकेच्या दारात ठेवला, घड्याळ लावले आणि रक्षकांना सांगितले की येथे माणूस कोसळला आहे, आता जे प्रत्यक्षात कराल ते करा. मावशींनी छाती दाबायला घेतली. एक रक्षक कार्यालयाकडे धावला, तेथे कुलूप पाहून परत फाटकावर आला, नोंदवहीतून हेडक्लार्कचा नंबर शोधला, दुसरी किल्ली वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे असते हे त्याला फोनवर समजले, आणि तो पुन्हा पलीकडच्या इमारतीकडे धावला. दुसऱ्या रक्षकाच्या ध्यानात आले की रुग्णवाहिका मागच्या फाटकाने आली तर ते फाटक सातनंतर बंद असते आणि तेथे कोणी उभे नसते. यंत्र पुतळ्याजवळ आले तेव्हा सात मिनिटे उलटून गेली होती. मध्यंतरी मावशी आणि त्यांच्या दोन सहकारी आळीपाळीने, न थांबता, छाती दाबत होत्या.

ही सात मिनिटे किती महाग आहेत हे माझ्यासारख्या व्यक्तीला लगेच कळते, कारण छाती दाबली गेली नाही तर वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटाला साधारणपणे ७ ते १० टक्क्यांनी घटते आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते. कोसळल्यापासून तीन ते पाच मिनिटांत झटका मिळाला तर मात्र ज्यांच्या हृदयाला झटक्याची गरज आहे अशा रुग्णांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक वाचू शकतात. याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील कॅसिनोंमधले आहे. तेथील सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरण्याचे प्रशिक्षण दिले गेले आणि २००० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: झटक्याची गरज असलेल्या १०५ रुग्णांपैकी ५६ जण रुग्णालयातून जिवंत घरी गेले, आणि ज्यांना तीन मिनिटांच्या आत पहिला झटका मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होते. ते जीव वाचवणारे डॉक्टर नव्हते, दारावर आणि दालनांत उभे राहणारे रक्षक होते. मुळात बाहेरून छाती दाबण्याची ही पद्धत १९६० मध्ये ज्यांनी जगापुढे मांडली, त्या तिघांतील विल्यम कोवेनहोवेन आणि गाय निकरबॉकर हे विद्युत अभियंते होते. केवळ दोन हात असले की कोणीही, कोठेही ही मदत सुरू करू शकतो, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे.

चाचणी संपल्यावर त्यातील एक रक्षक बराच वेळ घुटमळत होता. शेवटी त्याने उपप्राचार्यांना विचारले, “साहेब, आम्हाला फाटक सोडायला मनाई आहे. सोडलं तर पगार कापतात. आणि माझ्या हातून कोणाची फासळी मोडली, माणूस दगावला, तर ठपका माझ्यावर येईल का?” मला वाटते त्या दिवशी विचारला गेलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता. ज्याच्या हृदयाचे ठोके थांबले आहेत त्याची अवस्था आपल्या दाबण्याने अधिक बिघडू शकत नाही आणि मोडलेली फासळी नंतर जुळते, हे वैद्यकीय उत्तर मी दिले. पण त्याचा प्रश्न वैद्यकीय नव्हता. तो कंत्राटी कामगार होता, त्याची जागा कोणीही घेऊ शकत होते, आणि धावून जाण्याची हिंमत ही त्याच्यासाठी नोकरीशी बांधलेली गोष्ट होती. विद्यार्थ्याला असा प्रश्न पडत नाही. उपप्राचार्यांनी तेव्हा तोंडी आश्वासन दिले, आणि मी ते लेखी हवे असा आग्रह धरला. त्याच आठवड्यात परिपत्रक निघाले की कोसळलेल्या व्यक्तीच्या मदतीसाठी जागा सोडणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याकडून, तो कंत्राटी असला तरी, खुलासा मागितला जाणार नाही आणि वेतन कापले जाणार नाही. त्याची प्रत सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेकडेही पाठवण्यात आली.

आमचे जनजागृतीचे सर्व कार्यक्रम विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखले जातात. वेळ अकरा ते चार अशी असते, जेव्हा सफाई कर्मचारी, रक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि चालक आपापल्या कामात अडकलेले असतात. सूचना विद्यार्थ्यांच्या गटांवर जातात, फलकांवरील भाषा पाठ्यपुस्तकासारखी असते. विद्यार्थी काही वर्षांत पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर शिकवलेले कौशल्यही जाते. जी माणसे वर्षानुवर्षे त्याच इमारतींत वावरतात, पहाटे दारे उघडतात आणि रात्री दिवे मालवतात, ज्यांना प्रत्येक कुलूप, प्रत्येक जिना आणि प्रत्येक आडवाट ठाऊक असते, त्यांना मात्र खुर्च्या लावण्यापुरते बोलावले जाते. परिसरात कोणी कोसळले तर त्याच्याजवळ सर्वांत आधी बहुधा यांच्यापैकीच कोणीतरी पोहोचणार आहे. हे मला पटवून द्यायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडली नाही, मावशींचे एक वाक्य पुरले.

त्यानंतर ते यंत्र कार्यालयातून हलवून ग्रंथालयाच्या बाहेरच्या भिंतीवर बिनकुलपाच्या पेटीत बसवले गेले आहे. पेटी उघडली की जोराने घंटा वाजते. यंत्रावरचा हिरवा दिवा चालू आहे का आणि चिकटपट्ट्यांवरील अंतिम तारीख उलटली नाही ना, याची नोंद पाळी बदलताना रक्षक आपल्या वहीत करतात, कारण पट्ट्यांवरील जेल वाळले तर झटका नीट पोहोचत नाही. प्रशिक्षण आता दोन वेळा होते, दुपारी विद्यार्थ्यांसाठी आणि संध्याकाळी पाळी बदलण्याच्या वेळी कर्मचाऱ्यांसाठी, आणि तो वेळ कामाच्या तासांत धरला जातो. संध्याकाळच्या सत्रात नवख्या बायकांना हाताची पकड मावशी स्वतः शिकवतात. त्यानंतर अभ्यासिकेत घेतलेल्या चाचणीत यंत्र तीन मिनिटांच्या आत आले.

वसतिगृहाच्या वरच्या मजल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तेथपर्यंत ग्रंथालयाची पेटी रात्री फार दूर पडते, म्हणून दुसऱ्या यंत्राची लेखी मागणी मी व्यवस्थापनाकडे केली आहे आणि तिचा पाठपुरावा चालू आहे. ते येईपर्यंत रात्रपाळीच्या दोन्ही रक्षकांमध्ये कामाची वाटणी ठरलेली आहे: एकाने यंत्र आणायचे आणि मागचे फाटक उघडायचे, दुसऱ्याने कशाचीही वाट न पाहता छाती दाबायला सुरुवात करायची.