शिवराईवरचा तिरका उजेड

रविवार, रात्री उशिरा

दुपारपासून शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यांचे फोटो काढतोय. जेवणाआधी आवरायचं ठरवलं होतं, पण एका झिजलेल्या नाण्यावर 'त्र'ची रेघ उमटली आणि मग उठवेना.

जुन्या तांब्यावर समोरून उजेड टाकला की दिसते ती नुसती तपकिरी चकती. दिवा खाली, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला की अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि बोटाला न जाणवणारा उंचवटासुद्धा वाचता येतो. उजेड फोटोतल्या वरच्या कडेकडूनच येऊ द्यायचा. खालच्या कडेकडून आला तर डोळा फसतो, उठावाची अक्षरं खोदल्यासारखी वाटतात. कॅमेरा नाण्याला समांतर आहे का ते बघायला मी नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवतो; लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये आलं की जमलं. व्हाइट बॅलन्स राखाडी कार्डावरून घेतो, कारण तांब्याचा रंग कॅमेऱ्यावर सोडला तर तो लालभडक तरी करतो, नाहीतर हिरवट.

आणि हा रंगच तर जपायचा असतो! चिंच-लिंबानं घासून चकचकीत केलेली शिवराई हातात आली की जीव तुटतो. तो लालसर तपकिरी थर तांब्याच्या ऑक्साइडचा, घट्ट हिरवा थर कार्बोनेटचा. आम्लानं हे थर विरघळतात, आणि पुष्कळदा अक्षराची उरलीसुरली कड त्या थरातच टिकलेली असते. भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा रंग मात्र वेगळा. तो क्लोराइडचा, दमट हवेत तांबं खात राहणारा. असं नाणं बाकीच्यांपासून लांब, कोरड्या डबीत ठेवायचं.

पण मला यात खरी ओढ आहे ती ठशाची, म्हणजे ज्यानं नाणं पाडलं त्या कोरीव पोलादी खुंटीची. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांची किनार. एवढाच मजकूर, पण तो सगळा एका नाण्यावर क्वचितच सापडतो. नाणी हातानं, हातोड्याच्या घावानं पाडलेली. ठसा बऱ्याचदा चकतीहून मोठा, घाव कधी मधोमध, कधी कडेला. कुणावर 'श्री' अर्धी, कुणावर 'पति'ची वेलांटी चकतीबाहेर गेलेली. म्हणून फोटो. एकाच मापात, एकाच दिशेनं काढलेले फोटो संगणकावर एकमेकांवर ठेवले की एकाचं 'छ' आणि दुसऱ्याचं 'ति' मिळून तो ठसा हळूहळू पुरा व्हायला लागतो. ती पोलादी खुंटी अशी समोर उभी राहते, आणि ती कोरणाऱ्या कारागिराचं वळणही.

ते वळण फार बोलतं. १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं पेशवाईतही महाराजांच्याच नावानं पाडलं जात राहिलं, निरनिराळ्या टाकसाळींत. त्यामुळे 'शिव'चं कुठे 'सिव' होतं, 'पति'चं 'पती' होतं. मजकुराच्या मधून दोन आडव्या रेघा गेलेली ती दुदांडी, पेशवेकाळातली. सोन्याचा होन दुर्मीळ, त्याचा मान मोठा. पण बाजारात रोज हातोहात फिरली ती शिवराई. तिच्यावरची प्रत्येक झीज कुणाच्या तरी व्यवहाराची आहे, हे मला होनापेक्षा जास्त भावतं.

आज जेवण लांबलं ते याचसाठी. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांकडून आलेल्या दोन नाण्यांवर 'रा'च्या काना आणि किनारीच्या ठिपक्यामध्ये तशीच बारीक चीर दिसली. ठसा तडकला की ती तड पुढच्या प्रत्येक नाण्यावर उठते. फोटो एकमेकांवर ठेवले, पारदर्शक केले, चीर चिरेवर बसली. दोन्ही एकाच ठशाची! पहिल्यावर ती आखूड आहे, दुसऱ्यावर किनार ओलांडून गेलेली, म्हणजे आधी पाडलं कुठलं तेही कळलं.

उद्या दोन्हींची वजनं घेऊन नोंद एकाच पानावर करायची आहे. मागच्या बाजूचे फोटो अजून जुळवलेले नाहीत.