तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या पैशानं अर्थशास्त्र

दर सप्टेंबरात ही विचारणा सुरू होते आणि जानेवारीत थांबते. आधी ख्यालीखुशाली, मग ‘परदेशात अर्थशास्त्र शिकायला तुम्हाला स्कॉलरशिप कशी मिळाली?’, आणि तिसऱ्या वाक्यात ‘तुमची एसओपी पाठवाल का?’ एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचं ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारं निवेदन, मी कुणालाच पाठवत नाही. तिच्यात काही गुपित आहे अशातला भाग नाही. ती वाचून तुमचं नुकसान होईल, एवढंच. का, ते सांगते. पण त्यासाठी मागे जावं लागेल.

मला स्कॉलरशिप मिळाली ती दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी सहा अर्ज केले होते आणि सहाही परत आले, त्यातले दोन एकाच दिवशी. विचारणारे विचारतात दुसऱ्या वर्षाबद्दल. सांगण्यासारखं जे आहे ते पहिल्या वर्षात आहे.

त्या वर्षीची माझी एसओपी ‘लहानपणापासूनच मला अर्थशास्त्राची ओढ होती’ या वाक्यानं सुरू व्हायची. धादांत खोटं. लहानपणी माणसाला तारे आवडतात, प्राणी आवडतात, फार तर आगगाडी. व्याजदर कुणाला आवडत नाहीत. पुढे जागतिक विषमतेवर एक परिच्छेद, मग ‘आपल्या विख्यात विद्यापीठात’ शिकण्याची तळमळ, शेवटी समाजाचं ऋण फेडायची शपथ. विद्यापीठाचं नाव बदललं की तोच मजकूर सहाही ठिकाणी चालला. एका ठिकाणी तर नाव बदलायचंच राहिलं होतं, हे मला नकार आल्यावर कळलं.

गंमत अशी, की ती एसओपी का पडली याचं उत्तर मी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण देऊन दाखवलं, की विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो आणि चांगली गाडी बाजारातून निघून जाते. तीन वर्षांनी मायकेल स्पेन्स यांनी पुढचा प्रश्न घेतला: मग चांगल्या माणसानं आपण चांगले आहोत हे पटवायचं कसं? त्यांचं उत्तर असं, की खूण तीच उपयोगी, जी खऱ्याला स्वस्त पडते आणि खोट्याला महाग. २००१ चं नोबेल या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं. आता निवड समितीच्या खुर्चीत बसून बघा. समोर शेकड्यांनी अर्ज, आणि प्रत्येकात ‘मला तीव्र ओढ आहे’. हे वाक्य लिहायला खऱ्याला जेवढी शाई लागते तेवढीच खोट्याला. म्हणजे त्याची किंमत शून्य. पेपरात मला या प्रश्नाला पूर्ण गुण होते, आणि अर्ज लिहिताना मी जुनी मोटारच विकायला काढली होती.

(जाता जाता: अकेरलॉफ यांचा तो निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. चौथ्यानं छापला. नकाराच्या आठवड्यात ही गोष्ट मी स्वतःला बऱ्याचदा सांगितली. विशेष उपयोग झाला नाही, पण सांगितली.)

मग महाग खूण कोणती? अर्थशास्त्रापुरतं याचं उत्तर बऱ्यापैकी ठरलेलं आहे, आणि ते ऐकून लोकांचे चेहरे पडतात: गणित. पुढच्या शिक्षणासाठी अर्थशास्त्राचे विभाग तुमचे अर्थशास्त्राचे गुण बघतात, पण नजर आधी जाते ती रेषीय बीजगणित, अनेक चलांचं कलन (कॅल्क्युलस), संभाव्यताशास्त्र आणि रिअल अॅनालिसिस (कलनामागच्या सिद्धतांचं गणित) या रकान्यांवर. अमेरिकेत पीएचडीच्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचं शास्त्र) हे तीन विषय अंगावर येतात आणि वर्षाअखेरीस त्यांची पात्रता परीक्षा असते. सिद्धता लिहिता येत नसेल तर तिथंच गाडी अडते. समितीला धास्ती असते ती याची. माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कलनाचा एक पेपर होता आणि संख्याशास्त्राचे दोन. बस. जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गणितात १७० पैकी १५९. वाईट नाही असं मला वाटत होतं. पण अर्थशास्त्राच्या अर्जदारांत १६५ च्या वरचे गुण इतके सर्रास असतात, की १५९ हा आकडा बोलतो, आणि चांगलं बोलत नाही.

नकारानंतरच्या वर्षात मी नोकरी धरली आणि संध्याकाळी रेषीय बीजगणित व रिअल अॅनालिसिस हे दोन विषय रीतसर, परीक्षेसकट केले. रिअल अॅनालिसिसमध्ये पहिल्या चाचणीत नापास झाले. एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धतांशी झटापट करताना हे अर्थशास्त्रात नेमकं कुठं लागणार, असं रोज वाटायचं. शेवटी बी मिळाला. तो बी माझ्या आधीच्या सगळ्या ए-पेक्षा जास्त कामाला आला असं मी आजही मानते, कारण तो फुकट मिळण्यासारखा नव्हता.

नोकरी एका लहान संस्थेत होती, कर्जखात्यांच्या नोंदी संगणकात चढवण्याची. कंटाळवाणं काम. पण तिथं एक गोष्ट खटकली. बरीच कुटुंबं एकाच वेळी कमी व्याजाची बचत बाळगून होती आणि चढ्या व्याजाचं कर्जही फेडत होती. बचत मोडून कर्ज भरलं तर सरळ फायदा होता, तरी मोडत नव्हती. का? हातात रोकड राहावी म्हणून? बचत दिसली की घरातलं कुणीतरी मागेल म्हणून? की बचत ‘आपली’ आणि कर्ज ‘त्यांचं’ असे मनातच दोन डबे असतात म्हणून? संस्थेची परवानगी घेऊन, नावं काढून टाकून मी त्या आकड्यांवर रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायची पद्धत) चालवलं. सहगुणकाचं, म्हणजे तो संबंध सांगणाऱ्या आकड्याचं, चिन्ह अपेक्षेच्या उलटं आलं. आठवडाभर मी त्या उलट्या चिन्हाचा मोठा सिद्धान्त रचत होते. मग लक्षात आलं की काही खाती यादीत दोनदा चढली आहेत. चढवणारी मीच.

दुसऱ्या वर्षीची एसओपी या उलट्या चिन्हापासून सुरू झाली. काय विचारलं, कुठं चुकले, दुरुस्तीनंतर काय उरलं (फारसं नाही), आणि ते नीट तपासायला मला कोणती हत्यारं येत नाहीत. मग त्या विभागात ती हत्यारं कोण शिकवतं. दीड पान. लहानपण नाही, शपथ नाही. म्हणून म्हणते, ती तुम्हाला पाठवून काय करू? तुमच्याकडे माझी दोनदा चढलेली खाती नाहीत. तुमची स्वतःची काहीतरी भानगड असेल, ती शोधा.

शिफारसपत्रांचं वेगळंच प्रकरण. पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांनी मला सांगितलं, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मला तो मोठेपणा वाटला. मी तीन पत्रं लिहिली, तिन्ही माझ्याच भाषेत, तिन्हींत मी ‘अत्यंत मेहनती’. वाचणाऱ्याला एकाच माणसाचा आवाज चार कागदांतून ऐकू आला असणार. दुसऱ्या वर्षी मी रिअल अॅनालिसिसच्या मॅडमना विचारलं, जिथं मला जेमतेम बी होता. त्या म्हणाल्या, ‘पहिल्या चाचणीचंही लिहीन, चालेल ना?’ मी हो म्हटलं आणि रात्रभर झोपले नाही. पत्रात काय होतं ते मी वाचलेलं नाही. अर्जात पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची चौकट असते, तिच्यात मी खूण केली होती. ती खूण जरूर करा. तुम्ही वाचलेलं पत्र समितीच्या लेखी अर्धं पत्र असतं.

आता पैसे, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. ‘स्कॉलरशिप’ म्हणून एकच दरवाजा नसतो, आणि अर्ज वाया जातात ते बहुतेक चुकीचा दरवाजा ठोठावल्यामुळे. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीला प्रवेश आणि पैसा सहसा एकाच पाकिटात येतात: शुल्कमाफी, वर स्टायपेंड (राहण्याखाण्याचा भत्ता), बदल्यात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम. त्याला मास्टर्स असावंच लागतं असंही नाही. उलट तिथलं अर्थशास्त्राचं मास्टर्स बहुतांशी स्वतःच्या खिशातून करायचं असतं, आणि लोक नेमकं तिथं स्कॉलरशिप शोधत बसतात. ब्रिटन सरकारच्या चीव्हनिंग स्कॉलरशिपचा हिशोब निराळा आहे. ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी असते, अर्ज करतानाच दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव मागते, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट घालते. तिला तुमचं रिअल अॅनालिसिस नको आहे. तुम्ही चार माणसं कशी जमवता आणि परत जाऊन काय करणार, हे हवं आहे. पीएचडीसाठी लिहिलेली एसओपी तिथं चिकटवली की संपलं. जागतिक बँक आणि जपान सरकारची संयुक्त स्कॉलरशिप विकास क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव मागते. पदवी घेऊन थेट निघालेल्यानं तिकडं बघूच नये.

काही ठिकाणी स्कॉलरशिपचा प्रश्नच पडत नाही, कारण शुल्कच नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग नावाजलेला आहे आणि तिथं परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीचं शुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी. तिथलंच मानहाइम विद्यापीठही तितकंच नावाजलेलं, पण ते बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि ते राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे. आणि हो, ‘तीस टक्के स्कॉलरशिप’ असं पत्र आलं की नाचू नका. उरलेल्या सत्तर टक्क्यांना कर्ज म्हणतात. मलाही असं एक पत्र आलं होतं, त्याचं पुढे सांगते.

मी गेले ती इरास्मुस मुंडुसवर. २००४ पासून चाललेली ही युरोपीय संघाची योजना. तीन-चार विद्यापीठं मिळून एक मास्टर्स चालवतात आणि विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. शुल्क माफ, नव्या तुकड्यांना महिन्याला १,४०० युरो, परत जायची सक्ती नाही, वयाची अट नाही. अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाकडे करायचा. प्रवेश आणि स्कॉलरशिप यांचा निकाल तेच लावतात. मुदत बहुतेकांची जानेवारीच्या आसपास. मुलाखत झाली, व्हिडिओवर, वीस मिनिटं. एकानं विचारलं, ‘ती कुटुंबं मूर्ख आहेत असं तुम्हाला वाटतं का?’ मी म्हटलं, ‘नाही, मूर्ख आहे ते त्यांच्या वागण्याचं मी मांडलेलं मॉडेल.’ हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलं होतं, कबूल करते. पुढच्या प्रश्नाला मात्र, ‘मग मॉडेलमध्ये काय बदलाल?’, माझ्याकडे ठरवलेलं काही नव्हतं. मी चाचपडत दोन शक्यता सांगितल्या आणि दुसरी सांगतानाच ती चुकीची का आहे तेही मला दिसलं, म्हणून तेही सांगितलं.

निकाल आला: राखीव यादी, क्रमांक चार. म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. राखीव यादी हा छळाचा प्रकार आहे, पण ती हलते. कारण साधं: ज्यांची नावं वर असतात त्यांनी इतरत्रही अर्ज केलेले असतात. अमेरिकेत बहुतेक विभाग पैशासकट दिलेल्या जागेचं उत्तर १५ एप्रिलपर्यंत देण्याची मुभा देतात, म्हणून त्याच्या आधीचे तीन-चार दिवस सगळीकडची पत्ते पिसाई असते. कुणीतरी तिकडची जागा घेतो, इकडची सोडतो, यादी एक घर सरकते. एप्रिलच्या अखेरीस मी दोनवर होते. मधल्या काळात ते तीस टक्केवालं पत्र माझ्याकडे पडून होतं. हातचं सोडू नये म्हणून मी त्याला उत्तरच दिलं नव्हतं.

मॅडमनी एकदा सहज विचारलं, ‘ते घेणार आहेस का तू?’ नव्हते घेणार. पैसेच नव्हते. ‘मग तिथंही कुणीतरी चार नंबरला बसलं असेल की,’ त्या म्हणाल्या. त्याच रात्री मी दोन ओळींचा नकार कळवून टाकला. मला मेल आला तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. माझ्यासाठी कुणी जागा सोडली ते मला आजवर कळलेलं नाही.