इन्स्ट्रुमेंटचे तास लॉगबुकात बसवताना: माझा अनुभव

अमेरिकेत विमान उडवलेले तास घेऊन डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान नियामकाच्या) कमर्शियल पायलट लायसन्सला अर्ज करायचा, तर बाकीचे रकाने पटापट भरतात आणि गाडी इन्स्ट्रुमेंटवर अडते. रत्नागिरीत, पावसाळ्यात बसून मी माझे लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, लावले. त्यात जिथे जिथे घोळ होतो, तेवढेच इथे लिहितो.

विमान हवेत असताना बाहेर न बघता फक्त उपकरणांच्या काट्यांवर चालवले, तो इन्स्ट्रुमेंट फ्लाइट टाइम. जमिनीवर मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर (सिमवर) केला, तो इन्स्ट्रुमेंट ग्राउंड टाइम. दोन्ही मिळून इन्स्ट्रुमेंट टाइम. कमर्शियलला तो १० तास लागतो, त्यात सिमचे जास्तीत जास्त ५ चालतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (काट्यांवर उडण्याच्या वेगळ्या परवान्याला) ४० तास, सिमचे जास्तीत जास्त २०. सिमचा वेळ कमर्शियलच्या २०० तासांच्या उड्डाणात धरायचा नाही.

सर्वांत किचकट काम सिम आणि हूड वेगळे करण्याचे. अमेरिकी लॉगबुकात ‘सिम्युलेटेड इन्स्ट्रुमेंट’ असा रकाना असतो. त्यात हूड किंवा फॉगल्स, म्हणजे बाहेरचे दिसू न देणारी झापड किंवा चष्मा, लावून खऱ्या विमानात केलेला वेळ येतो. सिम्युलेटरचा रकाना निराळा. पहिला रकाना उचलून सिममध्ये टाकला, की हवेतले तास आटतात आणि सिमची मर्यादा ओलांडल्यासारखी दिसते. मी रकान्यावर भरवसा न ठेवता ओळ बघितली: ‘एन’ने सुरू होणारे (अमेरिकी विमानाचे) रजिस्ट्रेशन असेल तर हूड, उपकरणाचे मॉडेल लिहिले असेल तर सिम. हूडच्या ओळीत सेफ्टी पायलटचे नाव हवेच. बाहेर बघत बसलेल्या त्या सेफ्टी पायलटला तोच वेळ स्वतःच्या इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात लिहिता येत नाही. मित्रामित्रांनी तास वाटून घेतलेल्या लॉगबुकांत नेमके हेच फसते.

दुसरा घोळ आयएफआर प्लॅनचा, म्हणजे उपकरणांच्या नियमांनी उडण्यासाठी दिलेल्या उड्डाण-योजनेचा. भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) मुभा दिलेली स्थानिक व फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणे सोडली, तर व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडण्याच्या नियमांनी उड्डाण, चालत नाही. म्हणजे रात्री गोव्याहून किनाऱ्याने मुंबईकडे निघालात तर प्लॅन आयएफआरच. पण आकाश मोकळे, चांदणे, उजवीकडे रत्नागिरीचे दिवे स्पष्ट, अशा उड्डाणाचा इन्स्ट्रुमेंट टाइम शून्य असू शकतो. वाटेत २५ मिनिटे ढगात गेलात तर ०:२५ लिहायचे, अख्खा ब्लॉक टाइम (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ) नाही. टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर चालत असतानाची, मिनिटे तर कधीच नाहीत. ढगात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ नीबोर्डवर (मांडीला बांधलेल्या पाटीवर) तिथल्या तिथे टिपा; उतरल्यावर आठवून लिहिलेले आकडे नेमके पाव-अर्ध्या तासाचे निघतात आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतात.

समुद्रावरचे प्रकरण जरा नाजूक. एप्रिल-मेच्या धुरकट दुपारी क्षितिज पुसले जाते, पण जयगडचा कडा आणि लाटांची पांढरी कड दिसत असेल तर बाहेरचा आधार आहे, वेळ लिहू नये. अमावस्येच्या रात्री खोल समुद्रावर मात्र हवामान स्वच्छ असूनही काट्यांशिवाय गत्यंतर नसते. मासेमारीच्या होड्यांचे दिवे तर तारे वाटून फसवतात. अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान नियामकाने) १९८४ मध्ये दिलेल्या खुलाशानुसार चंद्र नसलेल्या रात्री समुद्रावरचा असा वेळ प्रत्यक्ष इन्स्ट्रुमेंट म्हणून लिहिता येतो. अशा ओळीपुढे मी शेऱ्यात ‘चंद्र नाही, क्षितिज नाही’ असे कारण लिहिले. नुसता आकडा ठेवला तर त्या रात्रीचा हवामान अहवाल नेमका उलट साक्ष देतो.

मग आकडेमोड. अमेरिकी लॉगबुक दशांशात, आपले तास-मिनिटांत. ०.१ म्हणजे ६ मिनिटे, म्हणून १.३ म्हणजे १:१८. घाईत १:३० लिहिले तर एका ओळीत १२ मिनिटे फुगतात, आणि बेरीज जुळत नसली की सगळ्याच पानांवर संशय. प्रत्येक ओळ वेगळी बदला आणि शेवटी दशांशातल्या मूळ बेरजेला ६० ने गुणून ताळा घ्या. मिनिटाचाही फरक येता कामा नये. तारीखही सांभाळा: तिकडे ०३/०७ म्हणजे ७ मार्च. शिवाय फ्लोरिडातले उन्हाळ्यातले रात्री ८ म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) दुसऱ्या दिवशीचे ००:००, त्यामुळे विमानाच्या नोंदीत तारीख एक आणि तुमच्याकडे भलतीच, असे होते.

हे सगळे कागदावर जुळल्यावरच मी ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) चढवायला घेतले, आणि मूळ लॉगबुकात खाडाखोड केली नाही. चुकीवर एकच रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही. शेवटच्या नोंदीपासून किमान ५ वर्षे ते लॉगबुक जपून ठेवायचे आहे. कोकणातल्या ओलीत ते प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसकट ठेवा. शाईच्या सह्या पहिल्या श्रावणातच फुटतात.