लग्नगडी आणि कोयता

आदिवासींचा इतिहास शिकवा म्हटलं की शाळेत तारपा नाच बसवतात, भिंतीवर वारली चित्रं काढतात आणि ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, फोटो ग्रुपवर टाकतात. डहाणू-तलासरीकडच्या शिक्षकांच्या कार्यशाळेत मला हे टाळायचं होतं, म्हणून विषय एकच धरला: १९४५चा वारल्यांचा उठाव.

सुरुवात लग्नगडीपासून केली. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. हिशेबाची वही त्याचीच, त्यामुळे कर्ज फिटायचं नाव नाही.

मूळचे बीडचे एक सर मध्येच म्हणाले, “मॅडम, ही तर ऊसतोडीची उचलच की! आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम आगाऊ पैसे देतो. उचल फिटली नाही तर पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडं.” त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे.

वारली समाजातल्या एका बाईंना हे पटेना. “हंगाम संपला की तुमची माणसं गावी तरी जातात ना, सर? आमची गावातच अडकलेली. जमीन आधी आमचीच होती. ती गेली आणि तिच्यावरच वेठ करायची.”

“गावी जाऊन खायचं काय?” सर.

मी मध्ये पडले नाही. तलासरीकडच्या झरी गावात १९४५मध्ये झालेल्या सभेची स्लाइड पडद्यावर तशीच राहिली. इतकी खरी चर्चा प्रशिक्षणात सहसा होत नाही. तिथे लक्ष सहीच्या कागदाकडे असतं.

शेवटी फळ्यावर लिहिलं: पैसे कोण देतं, हिशेब कोण ठेवतं, सुटायचं कसं? तिसऱ्या प्रश्नावर गाडी आपोआप झरीला आली. मे १९४५मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर आणि किसान सभा या शेतकरी संघटनेने तिथे परिषद घेतली. वेठ करायची नाही, असं ठरलं. पुढे गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागून संप. गवत वेळेत कापलं नाही तर नुकसान मालकाचं, हे गणित सातवीच्या मुलालाही कळेल. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यांत जेठ्या गांगड होते.

एका मुख्याध्यापकांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच: “पण परीक्षेत येणार का?”

घटक चाचणी तुम्हीच काढता, मी म्हटलं. मग सरांनी तिथेच चार गुणांचा प्रश्न लिहिला: ‘लग्नगडी आणि ऊसतोडीची उचल यांची तुलना करा.’

बाईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला. “तुलना दोन गुणांना. आधीचे दोन जेठ्या गांगड कोण होते, त्याला.”